हजेरीसाठी मुलांना ताप अंगावर काढायला लावू नका

नाशिक शहरातल्या शाळांचे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्या आणि पालक-शिक्षक संघ यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सिडकोत राहते. खाली आमचं मेडिकल, वर घर. मी आणि माझे मिस्टर दोघंही फार्मासिस्ट. अंबडच्या कंपन्यांची जनरल शिफ्ट आणि शाळांची घाई सुरू व्हायच्या आधी, साडेसातला, आमचं शटर वर जातं. पहिल्या पाऊण तासात येणारं एक गिऱ्हाईक ठरलेलं असतं. गाडीवर पुढे युनिफॉर्ममधलं मूल, स्वेटर, कानटोपी, पाठीला दप्तर. वडील गाडी बंदही करत नाहीत. "ताई, रात्री अंग गरम होतं याचं. काहीतरी द्या, शाळा सुटेपर्यंत ताप यायला नको." तेवढ्या वेळात मूल पेट्रोलच्या टाकीवर डोकं टेकवून डोळे मिटतं.

पावसाळ्यात आणि थंडीत हे मी जवळजवळ रोज बघते. गेल्या डिसेंबरात तीच गोष्ट मी स्वतः केली. त्यामुळे हे पत्र लिहायचा मला हक्क आहे का, हा प्रश्न बरेच दिवस मनात होता. शेवटी वाटलं, केली आहे म्हणूनच लिहावं.

माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. सकाळी उठवायला गेले तर कपाळ तापलेलं. काखेत थर्मामीटर लावला, १००.८ आला. नाक गळत होतं, घसा दुखतोय म्हणाला. कुणी मला दुकानात हे सांगितलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, आज ठेवा घरी. पण त्याच्या वर्गाच्या दारावर हजेरीचा चार्ट होता आणि जूनपासून एकही खाडा नसलेली वर्गात दोनच मुलं उरली होती. एक तो. फेब्रुवारीतल्या बक्षीस समारंभात स्टेजवर बोलावून प्रमाणपत्र आणि कंपासपेटी मिळणार होती. "मम्मी, मी जातो, मला काही नाही होत," असं म्हणत त्याने स्वतःच मोजे चढवले. मी साडेसातला पॅरासिटामॉलचं पातळ औषध दिलं. सव्वाआठला व्हॅनचा हॉर्न वाजला तेव्हा अंग गार होतं, चेहरा हसरा होता. मी मनाची समजूत घातली की साधी सर्दी असेल.

पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो. हे मी दिवसातून दहा जणांना सांगते. पावणेबाराला शाळेतून फोन आला.

मी पोचले तेव्हा तो ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसला होता. दप्तर मांडीवर, स्वेटरची वरपर्यंत बटणं लावलेली, ओठ कोरडे, हातात उलटीचा वास येणारा रुमाल. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतका ताप. मी जवळ घेतलं तर हळूच कानात म्हणाला, "मम्मी, हजेरी झाली होती आधी."

आठ वर्षांच्या मुलाला १०३ ताप असताना एवढी एकच गोष्ट आईला सांगावीशी वाटली. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

त्याचा फ्लू आठवड्यात बरा झाला. त्याच आठवड्यात त्याच्या व्हॅनमधली आणखी चार मुलं आजारी पडली. त्यातल्या एका मुलीच्या घरी पाच महिन्यांचं बाळ होतं. ते बाळ छाती भरून सहा दिवस दवाखान्यात होतं. फ्लूची लस सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही, म्हणजे त्या बाळाला स्वतःचं काही संरक्षण नव्हतंच. घरातल्या मोठ्यांनी आणि शेजारपाजाऱ्यांनी आजार घरात न आणणं एवढाच त्याला आधार होता. आजार आमच्याकडूनच गेला असं कुणी सिद्ध करू शकत नाही आणि त्या आईने मला तसं कधी म्हटलंही नाही. पण डिस्चार्जनंतर वाफेच्या मशीनमध्ये घालायचं औषध घ्यायला ती माझ्याच काउंटरवर आली. मी पैसे घेऊ शकले नाही, आणि का घेत नाही ते सांगूही शकले नाही.

चूक माझी होती. ती मी कुणावर ढकलत नाही. पण त्या सकाळी माझ्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय होतं ते तुम्ही बघावं, कारण ते वजन तुम्ही ठेवलेलं आहे आणि तुम्हीच उचलू शकता.

पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे अगदी नेहमीचं आहे. त्यात एखादा ताप, एखादी उलटी-जुलाबाची फेरी धरा. मग वर्षभर एकही खाडा न झालेलं मूल म्हणजे काय? एक तर त्याचं नशीब फार चांगलं, नाहीतर ते आजारी असताना वर्गात येऊन बसलं. त्यातल्या कुठल्याच गोष्टीला बक्षीस द्यावं असं मला वाटत नाही. दम्याच्या मुलाला, थॅलेसेमियामुळे दर महिन्याला रक्त चढवायला जावं लागणाऱ्या मुलीला तर त्या चार्टवर कधी जागाच नाही. ती मुलं दर महिन्याला सगळ्यांसमोर हरतात, आणि हरतात ते आजारपणाला.

हजेरीला किंमत का आली हे मी विसरत नाही. मुली शाळेत टिकाव्यात म्हणून आपल्या राज्यात १९९२ पासून गरीब घरातल्या मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. त्यामागची तळमळ खरी होती. ऊसतोडीला, द्राक्षाच्या कामाला आईबापामागे जाणारी मुलं वर्गात राहावीत म्हणून आजही शिक्षक वस्त्यांवर फिरतात. शाळा बुडवणं आणि आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजेरीच्या कॅटलॉगमध्ये मात्र दोन्हींना एकच खूण.

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा शाळांनी फार चांगलं काम केलं. डोळे आलेल्या मुलाला घरी ठेवा, असा निरोप पालकांच्या ग्रुपवर फिरला. कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही, कुणी अभ्यास बुडाला म्हणून बोललं नाही. पालकांनीही मुकाट्याने ऐकलं. लाल डोळा लपवता येत नाही, ताप मात्र ७० रुपयांच्या बाटलीने चार तास झाकता येतो. तेवढ्याच फरकामुळे तापाला आपण तो नियम लावत नाही.

तो नियम मोठा नाही. अंगात १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल तर मूल शाळेत नको. आणि ताप उतरल्यावर, तापाचं औषध न देता, पूर्ण २४ तास गेले की मूल शाळेत. "औषध न देता" हे शब्द जाड अक्षरात छापायला हवेत. पालक नेमके इथे घसरतात. रात्री नऊला ताप उतरला, सकाळी मूल खेळतंय, म्हणजे बरं झालं असं वाटतं. पण रात्री नऊ ते सकाळी आठ म्हणजे अकरा तास झाले. तो दिवस घरीच जायला हवा. मी काउंटरवर हे हिशोब बोटांवर मोजून दाखवते, आणि बहुतेक वेळा समोरून एकच उत्तर येतं, "ताई, बरोबर आहे तुमचं, पण उद्या युनिट टेस्ट आहे."

उलट्या-जुलाबालाही तसंच, थांबल्यावर निदान एक दिवस. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, मग त्याला आठवडा लागो. गालगुंड झालं तर सूज आल्यापासून पाच दिवस. गोवराचं मूल पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून आणि नंतरचे चार दिवस आजार पसरवतं. ज्याला लस नाही आणि आधी गोवर झालेला नाही अशा दहा जणांत नऊ जणांना तो लागतो. २०२२ च्या शेवटी आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, गोवराची साथ आली होती, म्हणून हे सांगताना मला कुठलं लांबचं उदाहरण शोधावं लागत नाही. तापाबरोबर पुरळ असेल तर तो घरचा निर्णयच नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

डेंग्यूबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जुलै ते नोव्हेंबर आमच्या भागात घराघरात तो विषय असतो. डेंग्यू एका मुलाकडून दुसऱ्याला शिंकेतून लागत नाही, तो डासातून जातो. त्यामुळे काही जण म्हणतात, मग शाळेत पाठवायला काय हरकत? हरकत त्या मुलासाठीच आहे. इतर तापांत ताप उतरला की सुटकेचा श्वास घ्यायचा असतो. डेंग्यूत खरा धोक्याचा काळ ताप उतरल्यावर सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला म्हणून आई दप्तर भरते आणि नेमकं तेव्हा मूल गळून जातं, पोटात कळा येतात, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं. अशा मुलाला त्या दोन दिवसांत डोळ्यांसमोर ठेवायचं असतं, पीटीच्या तासाला मैदानावर नाही. आणि पालकांनो, हे पत्र तुम्हीही वाचत असाल तर एक ऐका. अंगदुखी फार आहे म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अशा तापात स्वतःहून देऊ नका. पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे, आणि भरपूर पाणी.

आता दुसरी बाजू. ती न सांगता थांबले तर मी अर्धंच बोलले असं होईल.

काही शाळा उलट टोकाला जातात. नुसतं नाक वाहतंय म्हणून दहा वाजता फोन करून मूल घरी न्यायला लावतात. मागच्या वर्षी आमच्याकडे सातपूरला कामाला जाणाऱ्या एक बाई आल्या होत्या. दोन आठवड्यांत तीनदा त्यांना असं बोलावलं होतं. तीन अर्धे दिवस कापले गेले. मुलीला ताप नव्हता, ती जेवत होती, खेळत होती, फक्त सर्दी रेंगाळली होती. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडेही राहतो. त्या मुलीला हातरुमाल आणि हात धुवायला साबण पुरेसा होता. उवा झाल्या म्हणून मुलीला वर्गाबाहेर बसवणं हे तर अजूनही चालतं. उवांनी कुठला रोग पसरत नाही. दुपारी शाळा सुटल्यावर घरी निरोप द्या, त्या रात्री औषध लावतील, दुसऱ्या दिवशी ती वर्गात बसू दे. सगळ्यांसमोर तिची वेणी सोडून बघू नका. खरजेचं मलम एकदा नीट लावलं की दुसऱ्या दिवशी मूल येऊ शकतं. हात-पाय-तोंडाच्या आजाराचे पुरळ आहेत, पण ताप गेला आहे, लाळ गळत नाही, मूल खातंय-पितंय, तर तेही येऊ शकतं.

नियम लिहिलेला नसला की दोन्हीकडून नुकसान होतं. ज्याने घरी राहायचं तो येतो आणि जो येऊ शकतो त्याला परत धाडलं जातं. शिक्षकांचाही यात दोष नाही. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या मॅडमनी कुणाचं कपाळ किती गरम आहे हे अंदाजाने ठरवायचं, आणि मग पालक येऊन भांडणार.

आणि सोमवार सकाळचं पोट. प्रत्येक आईला हे माहीत आहे. रविवारी रात्री आठपर्यंत हुंदडणारं मूल सोमवारी सातला पोट धरून बसतं. व्हॅन निघून गेली की अर्ध्या तासात पोहे मागतं. पूर्वी मला वाटायचं, हे नाटक आहे, ओरडून पाठवावं. आता वाटतं, एकदा घडलं तर सोडून द्यावं, पण दर सोमवारी घडत असेल तर त्या दुखण्याचा पत्ता पोटात नाही, वर्गात आहे. कुणीतरी चिडवतंय, कुठल्या तरी तासाची भीती आहे, शाळेचं स्वच्छतागृह वापरवत नाही. शेवटचं कारण तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार जास्त मुलींचं असतं. अशा मुलाला ताप नसेल तर शाळेत पाठवावंच, पण त्याच आठवड्यात आईने येऊन बाईंशी बोलावं आणि बाईंनी तिला पाच मिनिटं द्यावीत.

घरी ठेवा म्हणणं सोपं आहे, पण कुणाजवळ ठेवायचं? हा प्रश्न मी टाळू शकत नाही, कारण माझं घर दुकानाच्या वरच आहे आणि ही सोय शंभरात दोघांना असेल. कारखान्यात २० दिवस काम केलं की १ दिवस पगारी रजा जमते. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, आजारपणाचा भत्ता स्वतः कामगार आजारी असेल तरच मिळतो, मूल आजारी असेल तर नाही. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, ती चांगलीच गोष्ट आहे, पण पॅकिंगला जाणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तसलं काही नाही. म्हणून मग काय होतं? धाकट्याला ताप आला की थोरली बहीण घरी राहते.

हे मी स्वतः पाहिलं आहे. गेल्या ऑगस्टमध्ये दुपारी एक आठवीतली मुलगी कडेवर चार वर्षांच्या भावाला घेऊन आली. हातात आईने लिहून दिलेली चिठ्ठी आणि मुठीत घामाने ओली झालेली शंभराची नोट. मी विचारलं, शाळा? म्हणाली, "आज तिसरा दिवस. मॅडम म्हणाल्या सर्टिफिकेट आण. पण मी कुठे आजारी आहे?" त्या मुलीला कुठलं सर्टिफिकेट कुणी देणार होतं? तुमच्या नोंदवहीत तिचे तीन दिवस "गैरहजर, कारण नाही" असे पडले असतील. आजारी मुलाच्या मागे राहिलेलं निरोगी मूल कुठल्याच रकान्यात बसत नाही. निदान तिला उशिरा आल्याबद्दल, गृहपाठ राहिल्याबद्दल उभं करू नका.

आणि काही घरांत तर मूल शाळेत पाठवण्याचं एक कारण दुपारची खिचडी हेही असतं. पोषण आहाराचं ताट हे त्या मुलाचं दिवसातलं भरवशाचं जेवण असतं. त्या आईला मी "घरी ठेवा" म्हणते तेव्हा मला माहीत असतं की मी तिला जेवणही सोडायला सांगते आहे. महापालिकेच्या शाळांच्या समित्यांनी यावर बसून विचार करावा. शेजारच्या मुलाबरोबर डबा पाठवता येईल का, कुणाच्या आजीला सांगता येईल का, हे तुमच्या वस्तीतल्या बायका एका बैठकीत ठरवतील. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. ही समिती सहीपुरती नसेल तर तिच्यासाठी यापेक्षा योग्य काम कुठलं?

सर्टिफिकेटबद्दल. दोन दिवसांच्या तापासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागू नका. साधा विषाणूचा ताप असतो, घरी आराम आणि पाणी एवढंच त्याला लागतं. पण कागद हवा म्हणून बरं झालेलं मूल घेऊन आई पुन्हा दवाखान्यात जाते, दोनशे-तीनशे रुपये देते आणि खोकणाऱ्या वीस मुलांच्या मधे तासभर बसून राहते. तिथून नवा ताप घेऊन घरी येते. शिवाय फी भरलीच आहे तर काहीतरी जोरदार औषध द्या, असा आग्रह होतो. आमच्याकडे तर लोक चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागतात, "शाळा बुडतेय, लवकर बरं व्हायला पाहिजे" म्हणून. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक चालतच नाही. खोकल्याच्या औषधांचंही तेच. वर्गात खोकू नये म्हणून बाटली मागतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे दूषित खोकल्याच्या औषधाने कितीतरी लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्रानेही पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना शक्यतो टाळावीत. मुलाला घरी एक दिवस झोपू देण्याची भीती वाटते म्हणून आपण त्याच्या पोटात काय काय ओततो याचा विचार करून मला कधीकधी काउंटरच्या मागे रडू येतं.

तीन दिवसांपर्यंत पालकांनी डायरीत लिहिलेल्या दोन ओळी पुरेशा मानाव्यात. चौथ्या दिवशी चिठ्ठी मागा, कारण तीन दिवस न उतरलेला ताप डॉक्टरांनी बघायलाच हवा.

शाळेत मूल आजारी पडलं की ते बसतं कुठे, हेही एकदा जाऊन बघा. माझा मुलगा बसला होता तो बाक जिन्याखाली होता, येणारी-जाणारी मुलं त्याच्याकडे बघत होती. एक कोपरा, एक पलंग किंवा नुसती सतरंजी, पाण्याची बाटली, उलटीसाठी बादली, एक डिजिटल थर्मामीटर. थर्मामीटर दोन-अडीचशे रुपयांत येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं, ते काम मोलाचं आहे, पण उरलेले दिवस कपाळाला हात लावणारं कुणीतरी शाळेत ठरलेलं असावं. शिपाईमावशी असोत, क्लार्क असोत, पण नाव ठरलेलं. आणि फोन करणाऱ्याने "तुम्ही असंच कसं पाठवलं?" याने सुरुवात करू नये. ती आई आधीच मेल्याहून मेली झालेली असते. ओरडा बसतो म्हणून पुढच्या वेळी ती फोनच उचलत नाही.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. म्हणजे ऐन तापाच्या मोसमात, शाळा चालू असताना, लाखो माणसं या गावात येऊन जातील. त्या गर्दीत आपल्या सगळ्यांची घरंदारं, आपले पाहुणे असतील. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा मुलांच्या आजारपणाचा नियम आधीच अंगवळणी पडलेला बरा.

हे अवघड नाही, हे तुम्हीच दाखवून दिलं आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलं, मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. व्हॅनचे मार्ग, शिक्षकांचे तास, दोन सत्रांचं गणित, केवढा पसारा हलवावा लागला. आजारी मुलाला घरी राहू देण्यासाठी एक छापील पान लागतं आणि दारावरचा एक चार्ट उतरवावा लागतो.

ते पान मी लिहून ठेवलं आहे. आमच्या भागातल्या बालरोगतज्ज्ञांनी ते वाचून दोन ठिकाणी दुरुस्त करून दिलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण अंबड-सातपूरच्या कितीतरी घरांत उत्तरेकडून आलेली कुटुंबं आहेत आणि त्यांची मुलं तुमच्याच वर्गात बसतात. वर घरी कधी ठेवायचं, खाली कधी पाठवायचं आणि तळाला शाळेचा फोन नंबर लिहायला मोकळी जागा. ज्या शाळेला हवं असेल तिला मी हव्या तेवढ्या प्रती स्वतःच्या खर्चाने काढून देईन. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं. जूनच्या पहिल्या पालकसभेत त्या वेळात पंधरा मिनिटं दिलीत तर मी येऊन थर्मामीटर कसा लावायचा आणि औषध वजनाप्रमाणे कसं मोजायचं हेही दाखवीन.

माझा मुलगा जूनमध्ये चौथीत जाईल. नव्या वर्गाच्या दारावर चार्ट लागायच्या आधी हे पत्र तुमच्या हातात पडावं, एवढीच विनंती.

आपली नम्र,
एक आई आणि औषध विक्रेती
सिडको, नाशिक